वोनोसोबोत आईला घेऊन तीन रात्री: स्वस्त हॉटेलची खोली घेताना काय बघावं?

अनवाणी | २२ जून

नमस्कार. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी आणि आई इंडोनेशियातल्या जावा बेटावर चाललो आहोत. आईचं वय ६८. योग्यकर्ता, बोरोबुदुर, प्रांबानान हे सगळं ठरलं आहे, तिथे राहायची सोय एका ओळखीच्यांकडे झाली आहे. अडलंय ते पुढच्या तीन रात्रींवर.

डिएंगच्या पठारावर अर्जुन, भीम, घटोत्कच अशा नावांची जुनी मंदिरं आहेत हे आईने वाचलं, तेव्हापासून तिचं एकच चाललंय की तिथे जायचंच. डिएंगच्या खाली २६ किलोमीटरवर वोनोसोबो नावाचं छोटं गाव आहे, तिथे मुक्काम करावा असं मनात आहे. रात्रीचं बजेट अडीच ते तीन लाख रुपियाह, म्हणजे साधारण तेराशे ते सोळाशे रुपये.

अडचणी अशा:

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे भारतीय पद्धतीचा संडास अजिबात चालणार नाही. तिला आंघोळीला गरम पाणी लागतं. ती शुद्ध शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही.

अॅपवर खोल्यांचे फोटो बघतोय, पण सगळ्या सारख्याच दिसतात: पांढरी चादर, पायाशी लाल पट्टा, भिंतीवर टीव्ही. न्हाणीघराचा फोटो कुणीच टाकत नाही. आधी आरक्षण करून जावं की तिथे पोचून बघावं? आणि ‘कामार मंदी दालम’, ‘कामार मंदी लुआर’ असं लिहिलेलं असतं त्याचा नेमका अर्थ काय?

---

घाटमाथा | २२ जून

दालम म्हणजे आत, लुआर म्हणजे बाहेर. दालम असेल तर न्हाणीघर खोलीला जोडून. लुआर असेल तर बोळाच्या टोकाला, सगळ्यांचं मिळून एक. आईसाठी दालमच घ्या.

मी दोन वर्षांपूर्वी तिथे एक रात्र होतो. पहिल्या रात्रीचं आरक्षण करून जा, फक्त पहिल्या रात्रीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आसपास फिरून दोन-तीन जागा बघा आणि पसंत पडली तर हला. ‘आलुन-आलुन’ म्हणजे गावातलं मधलं मोठं मैदान. त्याच्या आसपास राहिलात तर खाणं, बँका, औषधाचं दुकान सगळं पायी अंतरावर.

---

निशिगंधा | २३ जून

अनवाणी, तुला तू म्हणते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल. माझे यजमान सोलोजवळच्या एका सूतगिरणीत नोकरीला होते, २०१५ ते २०१९ अशी चार वर्षं आम्ही तिथे काढली. सुट्टी लागली की आम्ही बसने मध्य जावातली गावं हिंडायचो. वोनोसोबोला पाच-सहा वेळा राहिले असेन, त्यातल्या दोन वेळा माझ्या सासूबाई बरोबर होत्या. त्यांचं तेव्हा ७१ चालू होतं आणि गुडघ्यांचं दुखणं तुझ्या आईसारखंच. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट. पैसे देण्याआधी खोली बघ. तिकडे याचं कुणालाच वाईट वाटत नाही, उलट ती रीतच आहे. ‘बोलेह लिहात कामार दुलू?’ एवढं वाक्य पाठ कर. ‘आधी खोली बघू का?’ असा त्याचा अर्थ. काउंटरवर तरुण मुलगा असेल तर त्याला ‘मास’ म्हणायचं, मुलगी असेल तर ‘म्बाक’. आपल्याकडच्या दादा-ताईसारखं. वयाने मोठ्यांना ‘पाक’ आणि ‘इबू’. ही हाक मारून बोललास की समोरच्याचा चेहराच बदलतो.

खोलीत शिरलास की पलंगाकडे बघू नकोस, सरळ न्हाणीघरात जा. आई बरोबर असताना खोली न्हाणीघरावरून निवडायची, पलंगावरून नाही. ‘क्लोसेत दुदुक’ म्हणजे बसायचं कमोड, ‘क्लोसेत जोंगकोक’ म्हणजे उकिडवं बसायचं. तेवढ्याने भागत नाही, कमोड हलतो का हेही हात लावून बघ. एका ठिकाणी सासूबाई बसल्या आणि कमोड एका बाजूला कलला, तेव्हापासून मी हे तपासल्याशिवाय किल्ली घेत नाही. मग उंबरा बघ. तिकडच्या न्हाणीघरांना बऱ्याचदा चांगला वीतभर उंच उंबरा असतो आणि आत फरशी गुळगुळीत, कायम ओली. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत आईला तो उंबरा ओलांडता येईल का, हा खरा प्रश्न.

स्वस्त खोलीत शॉवर असेलच असं नाही. कोपऱ्यात फरशी बसवलेलं चौकोनी टाकं असतं, त्याला ‘बाक’ म्हणतात, आणि दांड्याचा प्लास्टिकचा तांब्या असतो, तो ‘गायुंग’. आपल्याला बादली-तांब्याची सवय असते म्हणून अवघड जात नाही. फक्त त्या टाक्यात उतरायचं नाही आणि साबणाचा हातही बुडवायचा नाही, तेच पाणी पुढच्या माणसाला असतं.

आता गरम पाणी. इथे मी फसले होते, म्हणून जरा थांबून सांगते.

डिसेंबरचे दिवस, धो धो पाऊस, संध्याकाळी सहाला वोनोसोबोला उतरलो. एका हॉटेलच्या दारावर पाटी: आइर पानास. (रोमन अक्षरात ते आपल्याला ‘एअर’ वाचल्यासारखं वाटतं. आइर म्हणजे पाणी, पानास म्हणजे गरम.) मी विचारलं, गरम पाणी आहे का? मुलगा हसून म्हणाला, ‘आदा, बू, आदा.’ म्हणजे आहे, आहे. आम्ही दोन रात्रींचे पैसे देऊन मोकळे झालो. खोलीत जाऊन नळ सोडला तर बर्फासारखं पाणी. दहा मिनिटं वाट बघितली. मग खाली जाऊन सांगितलं, तर तो मुलगा लगबगीने एक फुलाफुलांचा थर्मास घेऊन वर आला. तेच त्यांचं गरम पाणी! तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या दृष्टीने गरम पाणी होतंच, चहा करण्यापुरतं.

तेव्हापासून मी ‘आहे का’ असा प्रश्न विचारत नाही. त्याचं उत्तर तिकडे बहुतेक वेळा हो असंच येतं. तोंडावर नाही म्हणणं जावातल्या माणसाला जड जातं. नसलं तरी ते ‘ब्लुम’ म्हणतील, म्हणजे ‘अजून नाही’. म्हणून प्रश्न असा विचारायचा की हो-नाहीत उत्तर देता येणार नाही. ‘गरम पाणी कुठून येतं, क्रानमधून का तेर्मोसमधून?’ क्रान म्हणजे नळ. ‘किती वाजता सुरू असतं?’ आणि एवढं विचारून झालं की स्वतः नळ सोडून तीन मिनिटं हात धरून उभं राहायचं. माणूस शेजारी उभा असतो, संकोच वाटतो, तरी उभं राहायचं. आईच्या आंघोळीचा प्रश्न आहे.

वोनोसोबो साडेसातशे-आठशे मीटर उंचीवर आहे, हवा गारच. त्यामुळे थंड पाण्यावर निभावून नेऊ असा विचार करू नकोस.

आता पलंग. एक चादर अंथरलेली असते आणि मध्ये लांबट लोड ठेवलेला असतो, त्याला ‘गुलिंग’ म्हणतात. कुशीत घेऊन झोपायचं असतं ते. सासूबाईंना तो गुडघ्यांखाली घ्यायला इतका आवडला की परत येताना त्यांनी एक विकतच घेतला. पांघरूण मात्र पातळ असतं किंवा एकच असतं. ‘सलिमुत सातु लागी’ म्हणजे आणखी एक पांघरूण. हे रात्री नऊच्या आत मागून घे, नंतर काउंटरवर कुणी सापडेलच याचा भरवसा नसतो. पांघरूण नाकाशी धरून बघ. तिकडे लवंगेची सिगारेट फार ओढतात, क्रेतेक म्हणतात तिला. तो वास कापडात मुरतो आणि धुतल्यावरही जात नाही. वास आला तर ‘तान्पा रोकोक’ म्हणजे बिनसिगारेटची खोली मागायची.

छतावर किंवा टेबलाच्या खणात एक हिरवा बाण दिसेल. तो किब्लाचा, नमाजाला तोंड कुठे करायचं ते दाखवणारा. जावातून ती दिशा पश्चिमेकडे, थोडी उत्तरेला झुकलेली. मी त्याच्यावरून खिडकी पूर्वेला आहे का ते ठरवायचे. सकाळचं ऊन येणारी खोली असली की ओले कपडेही वाळतात आणि कुबटपणाही राहत नाही.

आणि हो, पहाटे साडेचारच्या सुमाराला अजान होते. गावात मशीद जवळ नाही अशी जागाच नसते, त्यामुळे ती टाळायला धावू नकोस. फक्त भोंगा समोरासमोर येईल अशी खिडकी घेऊ नकोस. मला तर त्यापेक्षा रस्त्यावरच्या ट्रकांचा त्रास जास्त झाला. चढाचा रस्ता आहे, रात्रभर गिअर बदलत जातात. मागच्या बाजूची खोली माग.

जेवणाचं उद्या लिहिते, ते मोठं प्रकरण आहे.

---

डोंगरवारा | २३ जून

काकूंनी फार छान लिहिलंय, पण माझं मत थोडं वेगळं आहे. वोनोसोबोत तीनही रात्री कशाला? डिएंगमध्येच राहा. तिथे घराघरात होमस्टे आहेत, तिठ्याच्या आसपास तर रांगच. सकाळी सहा-सातला पठार स्वच्छ असतं आणि दुपारनंतर बऱ्याचदा धुकं उतरतं. वोनोसोबोहून निघालात तर तासभर बसमध्ये, पोचेपर्यंत दिवसातला सगळ्यात चांगला वेळ संपत आलेला असतो.

ऑगस्टचा विचार मात्र नीट करा. पठार २००० मीटरच्या वर आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे पारा शून्याजवळ जातो. गवतावर पांढरा थर जमतो, त्याला ‘एम्बुन उपास’ म्हणतात. उपास म्हणजे विष. त्या दंवाने बटाट्याची शेतं करपतात म्हणून हे नाव. खोल्यांत हीटर नसतो. लोकरीचे मोजे, कानटोपी, आतून घालायचे गरम कपडे हवेतच.

डिएंगच्या होमस्टेमध्ये गरम पाणी बहुतेक गॅस गिझरचं असतं. तो गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवलेला असेल तरच खोली घ्या. आत असेल आणि खिडकी नसेल तर कितीही स्वस्त असो, नको. बंद जागेत त्या गॅसने माणूस बेशुद्ध पडतो आणि कळतही नाही.

डिएंगची ज्वालामुखीची विवरं बघायला जाल तेव्हा कुंपणाच्या आतच राहा. १९७९ मध्ये तिथल्या सिनिला विवराच्या बाजूने निघालेल्या वायूने शंभराहून जास्त माणसं दगावली होती. सिकिदांग विवरापाशी आता लाकडी फळ्यांची वाट केली आहे, आईला चालायला बरी पडेल. सिकुनिर टेकडीवरचा सूर्योदय मात्र आईला घेऊन नको, पायऱ्या दमवणाऱ्या आहेत.

---

निशिगंधा | २४ जून

डोंगरवारा, धुक्याचं तुझं म्हणणं अगदी खरं आहे आणि गिझरचं लिहिलंस ते फार बरं केलंस, माझ्याकडून राहूनच गेलं होतं. पण ६८ वर्षांच्या बाईला शून्य अंशात तीन रात्री मी नाही ठेवणार. पहाटे चारला उठून गार फरशीवर पाय ठेवायचा आहे तिला. माझं म्हणणं: पहिली रात्र वोनोसोबो, दुसरी डिएंग, तिसरी परत वोनोसोबो. मोठी बॅग वोनोसोबोच्या हॉटेलात ठेवून जायची, तिसऱ्या रात्री इथेच परत येतोय म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वर जायचं, अर्जुन मंदिरांचा समूह बघायचा, तो सपाट गवतात आहे, अजिबात चढ नाही. रात्री झोपायचं, तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा स्वच्छ उजेडात बघून दुपारी खाली यायचं.

आईला सांग, तिथे ‘सेंबद्रा’ म्हणून देऊळ आहे ती आपली सुभद्रा आणि ‘पुंतादेवा’ म्हणजे धर्मराज. महाभारतातली ही नावं लोकांनी नंतर दिली, देवळं मुळात शंकराची. सातव्या-आठव्या शतकापासूनची, जावातल्या सगळ्यात जुन्या दगडी बांधकामांपैकी. सासूबाई तिथे हात जोडून कितीतरी वेळ उभ्या होत्या.

आता जेवण. ‘मी मांस खात नाही’ एवढं सांगून तिथे काम होत नाही. मांसाला ‘दागिंग’ म्हणतात, पण ते म्हणताना त्यांच्या डोळ्यापुढे गाईचं मांस असतं. कोंबडी म्हणजे ‘आयाम’, मासा म्हणजे ‘इकान’, कोळंबी म्हणजे ‘उदांग’, अंडं म्हणजे ‘तेलूर’. प्रत्येकाचं नाव घेऊन ‘तान्पा’ म्हणायचं: तान्पा दागिंग, तान्पा आयाम, तान्पा इकान, तान्पा उदांग, तान्पा तेलूर. तान्पा म्हणजे शिवाय. शेवटी ‘तान्पा तेरासी’ विसरू नकोस. तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, ती सांबालमध्ये, म्हणजे तिकडच्या मिरचीच्या चटणीत, बहुतेक वेळा असते, दिसत नाही. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घे. मी पुठ्ठ्यावर लिहून प्लास्टिक लावलं होतं, चार वर्षं तोच वापरला.

वोनोसोबोचा प्रसिद्ध पदार्थ ‘मी ओंगक्लोक’, दाटसर रश्शातल्या शेवया. सगळे आग्रह करतील. आईला देऊ नकोस. रश्शात सुकी कोळंबी असते आणि बरोबर गाईच्या मांसाच्या काड्या येतात. त्याच टपरीवर ‘तेंपे केमुल’ मिळतं, ते घ्या. सोयाबीन आंबवून केलेल्या तेंपेच्या पातळ कापाला पिठात बुडवून तळतात, पिवळंधमक, कडेला कुरकुरीत जाळी. तळण्याचं तेल वेगळं आहे का ते विचार. ‘पेचेल’ म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर दाण्यांची चटणी, तीही बरी, पण तेरासीचं विचारून. वरचे पापड कोळंबीचे असू शकतात, ते काढून ठेवायला सांग. डिएंगचे बटाटे मिळतील, भात सगळीकडे. आणि करिका म्हणून डोंगरातली छोटी पपई पाकात घालून डबीतून विकतात, ती आईला नक्की आवडेल.

हॉटेलच्या दरात ‘सारापान’ म्हणजे नाश्ता धरलेला असतो, तो बहुतेक अंडं घातलेला परतलेला भात असतो. आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं की आईला साधा भात, तळलेलं तेंपे आणि केळं द्या. सकाळी सांगितलंस तर तयार ताट समोर आलेलं असतं आणि ते परत पाठवताना त्यांनाही ओशाळं होतं.

नळाचं पाणी पिऊ नका. बोळात उलटी मोठी बाटली लावलेलं यंत्र असतं, त्याच्या लाल नळाला गरम पाणी येतं. मेतकूट-भात, सुप, चहा सगळं त्यावर भागतं.

---

अनवाणी | २५ जून

काकू, काय आभार मानू! आईला सगळं वाचून दाखवलं. तिने ‘तान्पा’ची यादी आत्ताच पाठ करायला घेतली आहे.

दोन शंका राहिल्यात. काही हॉटेलांच्या नावापुढे ‘स्यारिआह’ लिहिलेलं दिसतं. मी आणि आई एका खोलीत राहणार, तिथे काही अडचण येईल का? आणि पैसे कार्डाने घेतात की रोख न्यावे?

---

निशिगंधा | २५ जून

स्यारिआह म्हणजे इस्लामी नियमांनी चालवलेलं हॉटेल. बाई आणि पुरुष एका खोलीत मागत असतील तर ते नातं विचारतात, नवरा-बायकोकडे लग्नाचा कागद मागतात. तुमच्या वयातलं अंतर बघून बहुधा विचारणारही नाहीत. विचारलंच तर तुझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं असलं तर ते दाखव. ‘इबू साया’ म्हण, ‘माझी आई’. अशी हॉटेलं मला स्वच्छ आणि शांत वाटली. सासूबाईंबरोबर मी मुद्दाम तिथेच उतरायचे.

पासपोर्ट बघायला सगळीकडेच मागतात. ठेवून घेतो म्हणाले तर फोटोकॉपी दे आणि मूळ प्रत परत घे. चार-पाच प्रती बरोबर असू देत.

रोख ने. वोनोसोबोत बँका आहेत, पैसे तिथेच काढ, वर डिएंगला गेल्यावर शोधत बसू नकोस. तिथली बरीच यंत्रं आधी नोटा देतात आणि मग कार्ड. नोटा हातात आल्या की माणूस वळतो आणि कार्ड आत राहतं. आमच्या ओळखीत दोघांचं असं झालं. नोटांवरची शून्यं मोजायची सवय लागेपर्यंत रंग लक्षात ठेव: २,००० ची करडी, २०,००० ची हिरवी, ५०,००० ची निळी, १,००,००० ची लालसर.

आपले दोन गोल पिनांचे चार्जर तिथे चालतात, तीन पिनांचे नाही.

---

घाटमाथा | २६ जून

एक छोटी गोष्ट. घरगुती होमस्टेमध्ये विजेचे मीटर रिचार्जचे असतात. पैसे संपत आले की मीटर टीं-टीं वाजायला लागतो, रात्रीसुद्धा. मी अर्धी रात्र धुराची घंटा समजून बसलो होतो. मालकाला सांगायचं, तो आकडे दाबतो आणि थांबतं.

शनिवारची रात्र टाळता आली तर टाळा, आसपासच्या शहरांतली मंडळी वर येतात आणि भाव चढतात. डिएंगचा सांस्कृतिक महोत्सवही बहुधा ऑगस्टमध्येच असतो, त्याच्या तारखा बघून घ्या. त्या दिवसांत खोली मिळणं कठीण.

---

अनवाणी | १६ ऑगस्ट

मंडळी, परत आलो. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो.

योग्यकर्ताहून ‘ट्रॅव्हल’ म्हणतात त्या सामायिक गाडीने गेलो, चार तास लागले. गाडीने हॉटेलच्या दारात सोडलं, त्यामुळे आईला मागेलांगला बस बदलावी लागली नाही.

पहिल्या रात्रीचं आरक्षण होतं तिथे काकूंनी सांगितल्याप्रमाणे नळ सोडून उभा राहिलो. पाणी कोमटाच्या पुढे जाईना. मी ‘किती वाजता गरम होतं’ विचारलं तेव्हा त्या म्बाकने थोडं थांबून सांगितलं की या मजल्यावर नीट येत नाही, खाली येतं. खालची खोली दिली, त्याच पैशांत. ‘आहे का’ एवढंच विचारलं असतं तर हे कळलंच नसतं. खालच्या खोलीचा उंबराही चार बोटांचाच होता. २,४०,००० रुपियाह, नाश्त्यासकट.

दुसरी रात्र डिएंगला काढली. गिझर बाहेर भिंतीवर होता, बघून घेतला. थंडी म्हणजे अंगात शिरणारी. आई दोन स्वेटर, शाल, तीन पांघरुणं आणि गुलिंग असा जामानिमा करून झोपली. पहाटे सहाला अर्जुन मंदिरापाशी पोचलो तेव्हा गवत पांढरं होतं आणि आम्ही धरून सात-आठ माणसं. आईने सुभद्रेचं देऊळ स्वतः शोधून काढलं. अकरा वाजता समोरची टेकडी दिसेनाशी झाली.

होमस्टेच्या मालकीणबाईंनी आईला स्वयंपाकघरात चुलीजवळ बसवून घेतलं. दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं. त्या बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवून ‘सुआमी’ म्हटलं आणि आई एकदम उठलीच, ‘अरे, स्वामी म्हणतेय ती!’ मग ‘इस्त्री’ म्हणजे बायको हे कळल्यावर दोघी तासभर वस्तू दाखवून नावं विचारत होत्या. गुला, रोती, कापास. त्या तासात मी एकटाच बाहेर कुडकुडत होतो.

काकू, एक विचारायचंय. आईला तेंपे केमुल घरी करायचं आहे. तेंपे आता आपल्याकडे मिळतं, पण तिला पिठात काय काय असतं ते हवंय. हळद आणि लसूण तिला चवीवरून कळले.

---

निशिगंधा | १६ ऑगस्ट

वाचताना डोळे भरून आले रे. आईला माझा नमस्कार सांग.

मैदा आणि त्याच्या निम्मं टॅपिओकाचं पीठ. त्यात वाटलेली लसूण, धने, हळद, मीठ. आणि ‘कुचाई’, म्हणजे लसणीच्या वासाची चपटी हिरवी पात, ती बारीक चिरून भरपूर. कुचाई नाही मिळाली तर लसणीची कोवळी पात घ्या, कांद्याची नको. पीठ भज्यांपेक्षा पातळ ठेवायचं. तेंपेचा काप एकदम पातळ कापायचा, पिठात बुडवून कढईच्या कडेने सोडायचा आणि वरून आणखी चमचाभर पीठ ओतायचं, म्हणजे ते पसरून जाळी धरतं. तेल चांगलं तापलेलं हवं. तिकडे बरोबर कच्ची हिरवी मिरची देतात, चावून खायला.